क्रोशा शिकायचाय, पहिल्यांदा काय घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारची जेवणं उरकली की कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी चारपाचजणी विणायला येतात. क्लास नाही, फी नाही. चहा होतो, गप्पा होतात, मधूनच कुणाचा तरी खांब (क्रोशाचा उभा टाका) चुकतो आणि चार ओळी उसवाव्या लागतात. नव्यानं येणारीचे मात्र दोन फोन ठरलेले. पहिला घरातून, "काकू, येताना काय आणू?" दुसरा दुकानाच्या पायरीवरून, "काकू, हे नंबर विचारतायत, काय सांगू?" फोनवर जे सांगते तेच इथं लिहून ठेवलंय. त्यात माझे हट्टही आहेत, ते ओळखू येतील.

सुरुवातीला नेमकं काय काय लागतं?

क्रोशाची एक सुई, लोकरीचा एक गुंडा, शेवटी उरलेलं टोक ओवून लपवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई, आणि कात्री. कात्री घरात असतेच, फक्त कोथिंबिरीची नको. तिनं लोकर कापली जात नाही, चिरडली जाते. सगळं मिळून तीनशे रुपयांच्या आत बसतं. दुकानातून याहून मोठी पिशवी घेऊन कुणी आलं की त्यातलं निम्मं माळ्यावर जाणार, हे मी चहा ठेवतानाच सांगून टाकते.

एकच सुई घ्यायची तर कितीची?

४ मिमीची, आणि तिच्याजोगी मध्यम जाडीची लोकर. याहून बारीक सुईवर टाका नीट दिसत नाही आणि दहा मिनिटांत मान दुखते. नवीन माणसाचा हात घट्ट असतो, प्रत्येक टाका जणू गाठ मारल्यासारखा आवळला जातो. सुई पुढच्या टाक्यात शिरतच नाही असं पहिल्या दोन दिवसांत वाटलं तर लोकर बदलू नका, सुई ४.५ किंवा ५ ची घ्या. "हात सैल ठेव" असं सांगून आजवर कुणाचा हात सैल झालेला मी पाहिला नाही. जाड सुईनं टाका मोठा पडतो, सुईच्या टोकाचा आकडा (हुक) आत सहज फिरतो, आणि मग हात आपोआप सोडला जातो.

मी मिमीत सांगितलं तर दुकानात म्हणाले, "नंबर सांगा." काय सांगायचं?

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुयांचे नंबर दोन पद्धतींचे आहेत, इंग्लंडचे जुने आणि अमेरिकेचे, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. इंग्लंडच्या पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेच्या पद्धतीत जाड. त्यामुळे इंग्लंडची ८ नंबरची सुई म्हणजे ४ मिमी आणि ६ नंबरची म्हणजे ५ मिमी. अमेरिकेची ६ नंबरची म्हणजे ४ मिमी आणि ८ नंबरची ५ मिमी. बरोब्बर अदलाबदल! तुम्ही एकीच्या वहीतून "आठ नंबर" लिहून नेलंत आणि दुकानातल्या डब्यावरचे नंबर दुसऱ्या पद्धतीचे निघाले, तर एक मिमीचा फरक पदरी पडतो. अमेरिकन सुयांवर आकड्याशेजारी इंग्रजी अक्षरही असतं, ४ मिमीवर जी आणि ५ मिमीवर एच. दोऱ्याच्या कामाच्या बारीक स्टीलच्या सुयांची तऱ्हा आणखी निराळी. तिथं अमेरिकन पद्धतीतही आकडा वाढला की सुई बारीकच होते.

तेव्हा नंबर बोलायचाच नाही. सुई हातात घ्या, अंगठा टेकायच्या चपट्या जागेवर बघा, बहुतेक सुयांवर तिथं मिमी कोरलेले किंवा छापलेले असतात. पुसून गेले असतील तर घरी मोजा. आपल्याकडे शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारं माणूस घरात किंवा शेजारी निघतंच, आणि त्याच्या खणात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असतं. माझ्या सगळ्या सुया आमच्या ह्यांनी तसल्याच व्हर्नियरवर मोजून दिल्यात. माप गोल दांड्याचं घ्यायचं. टोकाच्या आकड्याजवळच्या निमुळत्या गळ्याचं किंवा चपट्या जागेचं घेतलंत तर चुकेल, कारण टाक्याचा आकार दांड्यावर ठरतो.

स्टील, ॲल्युमिनियम, बांबू, प्लास्टिक... कुठली चांगली?

पहिली सुई ॲल्युमिनियमची. हलकी, गुळगुळीत, स्वस्त आणि पडली तरी काही होत नाही. पोनीसारख्या आपल्या देशी कंपनीची साधी सुई पुष्कळ झाली. बांबूवर लोकर जरा अडते, त्यामुळे रेशमासारखा निसरडा धागा विणताना ती बरी, पण स्वस्तातल्या बांबूला कुसळ असतं आणि ते बोटाआधी लोकरीला लागतं. प्लास्टिकची ४ मिमीची सुई घट्ट हातात वाकते. ७-८ मिमीच्या वर मात्र प्लास्टिक चालतं, तिथं धातू जड होतो.

रबरी मुठीची महाग सुई घ्यावी का?

बोटं दुखत असतील तर नक्की. जपानच्या ट्युलिप आणि क्लोव्हर या कंपन्यांच्या सुया त्यासाठी नावाजलेल्या आहेत आणि हातात घेतल्यावर फरक कळतो. पण आधी महिनाभर साध्या सुईवर विणून बघा. आवड टिकणार की नाही हे साठ रुपयांत कळत असेल तर सहाशे कशाला घालवायचे?

बारा सुयांचा सेट एका सुईच्या मानानं किती स्वस्त पडतो!

पडतो. मीही घेतला होता, मोबाईलवर फोटो बघून. रंगीबेरंगी, झिपच्या पाकिटात, वर टेप आणि चिमुकली कात्री फुकट. त्यातल्या तीन सुयांच्या आकड्याला आतून धार राहिलेली होती, दर दोन टाक्यांनी लोकरीचा पदर फाटायचा. मला वाटायचं माझीच लोकर वाईट. पंधरा दिवसांनी निळा रंग निघून पांढऱ्या लोकरीवर उतरला, तेव्हा लक्षात आलं. आणि खरं सांगू, बारापैकी वापरात आल्या असत्या त्या तीनच: ३.५, ४ आणि ५. २ मिमीची आणि ८ मिमीची सुई एकाच वर्षात लागेल असं काम नवशिक्याच्या हातून होत नाही.

दुकानातली सुटी सुई घेताना आकड्याच्या आतून नख फिरवा. नख अडलं की ठेवून द्या. एवढी एक परीक्षा पुरते.

आईची जुनी स्टीलची सुई घरात आहे. तीच वापरू का?

सांभाळून ठेवा, पण शिकायला नको. आपल्या आया-आज्ज्यांचं काम दोऱ्याचं होतं. रुखवतात मांडायचे जाळीचे रुमाल, टीव्हीवरचं कव्हर, तांब्यावरची मण्यांची झाकणी, हे सगळं १ ते १.७५ मिमीच्या सुईनं आणि गुंडीच्या पांढऱ्या दोऱ्यानं केलेलं. त्या दोऱ्यालाही नंबर असतात, १०, २०, ४०, ६०, आणि तिथं मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा. त्याची चमक कास्टिक सोड्याच्या प्रक्रियेनं येते. १८४४ च्या सुमारास लँकशायरच्या जॉन मर्सरनं ही प्रक्रिया शोधली, म्हणून असल्या दोऱ्याला मर्सराइज्ड म्हणतात. अँकरचा "मर्सर क्रोशे" हे नाव तिथूनच.

माझी आई मात्र त्याच सुईवर शिकली, वयाच्या नवव्या वर्षी, आणि "तुमचं ते दोरखंडाचं विणकाम" म्हणून आम्हाला अजून हसते. तिला हसू दे. पहिला रुमाल पूर्ण करण्याआधी सोडून दिलेल्या मैत्रिणी तिलाही आठवतात, विचारलं की सांगते. सुईवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासून, तेलाचं बोट फिरवून, कोरडी पुसून ठेवा. सहा महिन्यांनी तिची आठवण येईल.

लोकर घेऊ की कॉटन? आणि दुकानात "लोकर" म्हणून देतात ती खरंच लोकर असते का?

बहुतेक वेळा नसते. आपण मराठीत विणायच्या कुठल्याही जाड धाग्याला लोकर म्हणून मोकळे होतो. लुधियानाकडून येणारे वर्धमान, ओसवाल, गंगा या नावांचे जे गुंडे इथल्या फळ्यांवर दिसतात, त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. यात फसवणूक काही नाही, कागदावर लिहिलेलं असतं. वाचायचं आपणच विसरतो.

कागद हरवला असेल तर जाळून बघा. स्टीलच्या ताटलीत, बोटभर तुकडा, चिमट्यात धरून. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला केली की विझते, आणि राख बोटानं चुरगळते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. हे सिंकजवळ करा, गॅलरीत वाऱ्यावर नको.

शिकायला मी ॲक्रिलिकच देते. त्याला थोडा ताण आहे, त्यामुळे कमीजास्त आवळलेले टाके तो झाकून नेतो. स्वस्त आहे, धुतल्यावर आटत नाही. कॉटनला ताण नाही. प्रत्येक चूक त्यात कोरल्यासारखी दिसते आणि तासाभरात मनगट भरून येतं. पण ठेवण्याजोगी पहिली वस्तू कॉटनचीच करा. कोल्हापुरात थंडी ती किती, डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी. स्वेटर वर्षातून चार वेळा निघतो. पिशवी, ताटाखालचा गोल, फुलदाणीखालचा रुमाल बारा महिने वापरात राहतो, आणि तिथं कॉटनच शोभतं.

केसाळ, चकचकीत जरीची, किंवा जाड-बारीक होत जाणारी फॅन्सी लोकर पहिल्या महिन्यात हातात धरू नका. उसवताना ती स्वतःतच गुंतते. मी स्वतः एक आख्खा गुंडा कात्रीनं कापून टाकलाय, अजून जीव हळहळतो.

मिल्क कॉटन म्हणजे काय? दुधाचं असतं?

गंगावेशीतल्या दूधकट्ट्याशी त्याचा संबंध नाही. दुधातल्या केसीन या प्रथिनापासून धागा करता येतो, इटलीत १९३० च्या दशकात तसा काढलाही होता. पण बाजारातल्या मिल्क कॉटनच्या गुंड्यात बहुतेक करून कापूस आणि ॲक्रिलिक असतं, दुधाचा अंश असला तर थोडा. नाव मऊपणासाठी. धागा मात्र खरंच छान आहे: मऊ, रंग भरपूर, टाका ठसठशीत. बाहुल्या, कीचेन, फुलं यांसाठी सगळ्याजणी हाच घेतात. एक खोड आहे, त्याचे पदर पटकन सुटे होतात आणि सुईचं टोक मधल्या पदरात घुसतं. म्हणून अगदी पहिला गुंडा हा नको, दुसरा असू दे.

४ प्लाय, ८ प्लाय याचा अर्थ काय? ४ प्लाय म्हणजे बारीकच ना?

असंच नाही. प्लाय म्हणजे पदर. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत हा शब्द जाडीचं नाव म्हणून वापरतात, ४ प्लाय बारीक, ८ प्लाय मध्यम, १० त्याहून जाड. आपल्याकडच्या कागदांवर मात्र ४ प्लाय याचा अर्थ पुष्कळदा "चार पदर पिळलेत" एवढाच असतो. पदर जाड असले तर चार पदरांची लोकरही चांगली जाडजूड होते. म्हणून आकड्यावर विसंबू नका.

घरच्या घरी जाडी बघायची रीत सोपी आहे. शाळेची पट्टी घ्या, लोकर तिच्यावर न ताणता, शेजारी शेजारी, एक इंच भरेपर्यंत गुंडाळा आणि वेढे मोजा. अकरा-बारा वेढे बसले तर ८ प्लायची जाडी, ४ मिमीच्या सुईला बरोबर. नऊ-दहा बसले तर त्याहून जाड, ५ ची सुई घ्या. पंधराच्या वर गेले तर लोकर बारीक आहे, आत्ता बाजूला ठेवा. दुकानात पट्टी कुठून आणायची? अंगठ्याचं वरचं पेर बहुतेकांचं इंचाच्या आसपास असतं. दुकानदार बघत राहतो, राहू दे.

आणि कागदावर सुईचं लहानसं चित्र असतं, त्याखाली मिमी. दोन सळ्यांचं चित्र असेल तर ते माप दोन सुयांच्या विणकामाचं. आकड्याची सुई काढलेली असेल ते आपलं.

रंग कुठला घ्यावा?

फिका, पण पांढरा नको. लिंबू, फिका गुलाबी, आकाशी, पिस्ता. काळा, गडद निळा, वांगी यांत टाका दिसत नाही, दिव्याखाली तर मुळीच नाही. पांढरा चार वेळा उसवला की कळकट होतो. इंद्रधनुष्यासारखा रंग बदलणारा गुंडा मोहात पाडतो, पण त्यात टाके मोजता येत नाहीत.

किती लोकर घ्यायची?

शिकायला ५० ग्रॅम. बशीएवढा गोल दहा-पंधरा ग्रॅमात होतो, बाळाची टोपी ५० ग्रॅमच्या आत, मोठ्या माणसाची शाल जाळीवर अवलंबून तीनशे-चारशे. क्रोशाला दोन सुयांच्या विणकामापेक्षा लोकर जास्त लागते हे लक्षात ठेवा. शेजारणीनं "दोनशेत स्वेटर झाला" म्हटलं तर आधी विचारा, कशावर विणला.

एकाच वस्तूसाठी दोन-तीन गुंडे लागणार असतील तर एकदमच घ्या आणि कागदावरचा डाय लॉट नंबर, म्हणजे रंगवताना कुठल्या घाण्यात होता त्याचा नंबर, जुळवा. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत अर्ध्या छटेचा फरक पडतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, घरी सुताराच्या रेघेसारखा दिसतो. मागाहून पस्तावायचं नसेल तर गुंडा दारापर्यंत नेऊन उजेडात बघा.

इचलकरंजीहून सूत आणलं तर एकदम स्वस्त पडेल ना?

हा प्रश्न फक्त आपल्याच जिल्ह्यात विचारला जात असेल! इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, आणि तेव्हापासून कुणाचा ना कुणाचा मामा तिथं मागावर आहेच. मामा सुताचा एक कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) देतो, किलोच्या भावानं बघितलं तर गुंड्यापेक्षा फारच स्वस्त. पण अडचण जाडीची आहे.

मागाचं सूत काउंटात मोजतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तितका काउंट, म्हणजे इथंही आकडा मोठा तितकं सूत बारीक. वीस काउंटाच्या सुताचे ५० ग्रॅम सतराशे मीटरच्या आसपास भरतात. आपल्या मध्यम जाडीच्या कॉटनच्या ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण शंभर-सव्वाशे मीटर असतात. हिशेब करा: विसाचे पंधरा-सोळा पदर एकत्र धरल्याशिवाय ४ मिमीच्या सुईला पुरेशी जाडी येत नाही. चाळीस काउंट असेल तर तीस. ते पदर पिळलेले नसतात, म्हणून सुई दर वेळी दोनचार पदर सोडून पुढं जाते. शिवाय ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत सायझिंग झालेलं असेल तर त्याला खळ असते, ते कडक लागतं आणि बोटाला चिरतं.

सराव असेल तर मजा येते. आमच्यातल्या एकीनं विसाचे आठ पदर एकत्र घेऊन, अडीच मिमीच्या सुईनं देव्हाऱ्यातलं आसन केलंय, सुंदर झालंय. पण तिचा तो चौथा हिवाळा होता.

धनगरांकडची घोंगडीची लोकर मिळाली तर?

ती खरीखुरी लोकर. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत घोंगडी बघितली असेल, तोच धागा. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, हातानं कातलेली, एकपदरी, मध्येच जाड मध्येच बारीक, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. अंगावरच्या कपड्याला टोचेल. बसायचं आसन किंवा जाड पिशवी हे तिचं काम, तेही ६ मिमीच्या पुढच्या सुईनं, आणि पहिल्या वर्षी नको.

कोल्हापुरात घ्यायला कुठं जाऊ?

महाद्वार रोड, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या आणि राजारामपुरी इथली लेस-बटण-अस्तराची, कटलरीची दुकानं आधी बघा. पाटी "लोकर" अशी नसली तरी आत विचारा, मागच्या फळीवर असते. सकाळी अकराच्या सुमाराला, आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवारी संध्याकाळी किंवा नवरात्रात महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीत दुकानदार गुंडा उजेडात नेऊ देत नाही. आत गेल्यावर "चांगली लोकर दाखवा" म्हणू नका, महागातली निघते. "शिकायला, मध्यम जाडीची, पिळदार, फिक्या रंगाची" असं म्हणा. "काय करणार वहिनी?" असं तो विचारणारच. "अजून ठरलं नाही" हे चालतं, त्यात लाजायचं काय?

ऑनलाइन मिळत नाही असं काही नाही, पण पहिली लोकर बोटांत घेऊनच निवडा. एकदा कंपनी आणि जाडी हाताला पटली की पुढचे रंग खुशाल मागवा.

मार्कर, रो काउंटर, गेज, टेप हे सगळं नको का?

टाक्याची खूण करायच्या मार्करऐवजी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा. ओळी मोजायला कागद-पेन. टेप शिवणाच्या डब्यात आहे. बाकी काही नको.

मी डावखुरी आहे. वेगळी सुई लागते का?

नाही, सुई तीच. काम उलट्या दिशेनं, डावीकडून उजवीकडे जातं एवढंच. शिकवणारीच्या समोर बसा, शेजारी नको. समोरून बघताना तिचा हात तुम्हाला आरशासारखा दिसतो.

मोबाईलवर बघून शिकतेय. त्यात "सिंगल", "डबल" म्हणतात, ते आपलं कुठलं?

बोलणारी बाई कुठली यावर आहे. अमेरिकन पद्धतीतला सिंगल म्हणजे आपला मुका खांब (बुटका टाका) आणि डबल म्हणजे साधा खांब (त्याहून उंच टाका). इंग्लंडच्या पद्धतीत मुक्या खांबालाच डबल म्हणतात आणि साध्या खांबाला ट्रेबल. सुईच्या नंबरांसारखाच हाही गोंधळ. नमुन्यात कुठंतरी "सिंगल" शब्द आला तर तो अमेरिकन समजा, इंग्लंडच्या आजच्या नमुन्यात तो शब्द सहसा येत नाही. साहित्य घेण्याआधी हे बघून घ्या, कारण मुक्या खांबाच्या विणीला आणि खांबाच्या विणीला लोकर सारखी लागत नाही आणि अंदाज चुकतो.

बहिणीच्या बाळंतविड्यात टोपडं आणि मोजे द्यायचेत. कुठली लोकर?

मऊ कॉटन किंवा बाळांसाठी म्हणून निघणारं मऊ ॲक्रिलिक. गुंडा गालाला नाही, मानेला लावून बघा, मान जास्त हळवी असते. केसाळ लोकर नको, तंतू बाळाच्या तोंडात जातात. वीण घट्ट ठेवा, मोठ्या भोकांत चिमुकली बोटं अडकतात. मणी, बटणं, लांब बंद टाळा. बाहुली करणार असाल तर प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलासाठी नकोतच, दोऱ्यानं भरा.

गौरीच्या आराशीसाठी तोरण करायचंय, ॲक्रिलिक चालेल?

दाराला चालेल. समई, निरांजन, दिव्यांच्या माळा यांच्याजवळ कॉटन. ॲक्रिलिक ठिणगीनं वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. गरम भांडं धरायच्या चौकोनालाही हेच लागू.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटसुद्धा दमट होतं. कॉटनचा गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की कुबट वास धरतो, कापडी पिशवी बरी. स्टीलच्या सुया कोरड्या पुसून ठेवा. हात घामेजले की लोकर सरकत नाही, अशा वेळी बोटांना किंचित पावडर लावा. आणि विणलेलं कॉटन या दिवसांत धुवायचंच असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, आडवं वाळवा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनानं वीतभर लांबतं.

पहिला गुंडा संपला. आता काय घेऊ?

तीच लोकर, दुसऱ्या रंगात. दोन रंग हातात आले की चौकोन जमायला लागतात. त्याबरोबर ५ मिमीची सुई, नसेल तर. सेट अजूनही नको.